नानांची गाठ

मोठ्या बाई कुणालाच अरेतुरे करत नसत. विट्याच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून हजर झाले त्या सकाळी त्या ओट्यावर उभ्या होत्या आणि कुणाला तरी सांगत होत्या, "शेवंताबाई, नाक पुसा आणि मग आत या." मला वाटलं, कुणा मुलीची आई आली असेल. वळून पाहिलं तर शेवंताबाई जेमतेम सहा-सात वर्षांच्या. परकर घोट्याच्या वर गेलेला, काखेत पाटी, आणि नाक पुसायचं ते त्याच परकराला. पण त्या इतक्या ऐटीत पायरी चढल्या की मीच जरा बाजूला सरले.

बाईंचं नाव कृष्णाबाई. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. माहेर-सासर दोन्ही कोरेगावकडचं, उसाच्या रानातलं. नवरा पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याकडं गेला आणि तिकडंच राहिला. त्यानंतर त्या शिकल्या कशा, मास्तरीण झाल्या कशा, ते मला नीट कधी कळलं नाही. विचारलं की म्हणत, "शिकले. त्यात काय सांगायचं?" एकदाच एवढं म्हणाल्या होत्या, "सासरी मला नाव नव्हतं हो. 'ए' हेच नाव. 'ए, पाणी आण. ए, शेण भर.' तेव्हाच ठरवलं, आपल्या हाताखाली कुणी आलं तर त्याला 'ए' म्हणायचं नाही."

हे सगळ्यांना रुचायचं असं नाही. बायजा नावाची एक धनगराची मुलगी शाळेत नुकती येऊ लागली होती. तिचा बाप एके दिवशी खांद्यावर घोंगडं टाकून दारात उभा राहिला.

"बाई, पोरगी घरात म्हनती, मला आवो म्हना. आता मी बाप हाय का गडी हाय तिचा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "एकदा म्हणून बघा. जीभ झिजत नाही."

तो डोकं खाजवत गेला. पुढं एका संध्याकाळी लेकीला न्यायला आला तेव्हा आधी इकडंतिकडं बघून घेतलं, आणि मग हळूच म्हणाला, "चला बायजाबाई, मेंढरं खोळंबल्यात." बाई खिडकीत होत्या. त्यांनी ऐकलं आणि फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

उंच, काटक बांधा. चालणं असं की बरोबरच्यानं अर्धं पळायचं. कौतुकाचा त्यांच्याकडं एकच शब्द होता, "चालेल." मी पहिल्यांदा बसवलेलं हळदीकुंकवाचं गाणं ऐकून त्या "चालेल" म्हणाल्या तेव्हा मी रडवेली झाले होते. तो शब्द मिळायला दुसऱ्या मास्तरणीला पुरं वर्ष लागलं होतं हे मला नंतर कळलं. आणि त्यांना सूर अजिबात नव्हता. प्रार्थना मात्र त्याच सांगायच्या, खणखणीत आवाजात. त्यांनी सुरुवात केली की ओट्याखालून नाना सूर धरायचे.

नाना म्हणजे त्यांचा कुत्रा. पण "कुत्रा" हा शब्द बाईंच्या तोंडून मी ऐकला नाही. "नाना, उन्हातून उठा." "नाना, ती भाकरी तुमची नाही." बदामी रंगाचा, कान पडलेला, तोंड म्हातारपणानं पांढरं झालेलं. शाळा भरायच्या वेळी बाईंच्या मागून यायचा, ओट्याखाली पडून राहायचा, आणि सुटल्यावर मागून जायचा. मुलींच्या डब्यांना त्यानं कधी तोंड लावलं नाही. पुढं पुढं मीही त्याला नाना, तुम्ही असं म्हणू लागले. या लिहिण्यातही आता एकेरी पुढं रेटवत नाही.

नानांच्या डाव्या बरगडीखाली एक गाठ होती. मी आले तेव्हा सुपारीएवढी असेल. पुढं ती लिंबाएवढी झाली. केस झडून वरची कातडी गुळगुळीत, ताणलेली दिसायची. दुखत नसावी, कारण मुली हात लावायच्या तरी ते हलत नसत. सल्ले देणारे पुष्कळ भेटले. घोड्यांना नाल मारणारा म्हणाला, घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधा, आपसूक गळून पडेल. कुणी म्हणालं, तापल्या विळ्याचा डाग द्या. बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "त्यांना विचारून सांगते." गावात जनावरांचा दवाखाना होता, पण त्याला कुलूप. तिथला डॉक्टर आताच्या, दुसऱ्या लढाईवर गेला होता, पलटणीची खेचरं बघायला.

ती गाठ फुटली ती मधल्या सुट्टीत. शाळेच्या मागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. नाना त्याला अंग घासायला गेले असावेत. मुलींचा एकदम गलका झाला, आणि मी बाहेर येते तो नाना फरफटत ओट्याकडं येत होते आणि मागं मातीत रक्ताची ओळ. ओट्याशी येऊन ते बसले आणि जखम चाटू लागले. रक्त थांबेना. रक्ताबरोबर खरवसासारखं पांढरट, घाण वासाचं काहीतरी बाहेर येत होतं. दोन मुली तिथंच ओकल्या.

बाई वर्गातून आल्या. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या तशाच धुळीत बसल्या, नानांचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि त्यांच्या तोंडून शाळेतली भाषा गेली.

"आवं नाना, काय केलंसा ह्ये? लय लागलं का वो? बघू, बघू मला. चाटू नगासा. सुमतीबाई, आवं फडकं आना की कुनीतरी!"

मी माझा पदर पुढं केला. त्यांनी तो ढकलला. "मळका हाय त्यो. माझ्या पेटीत धुतलेलं लुगडं हाय, त्ये आना."

तेव्हा कापड परमिटावर मिळायचं, आणि तेही मिळालं तर. बाईंच्या पेटीतलं ते लुगडं म्हणजे त्यांचं बरं असं एकच, दिपोटी शाळा तपासायला येत तेव्हा नेसायचं. मी घुटमळले. त्या ओरडल्या, "आवं फाडा!" मी फाडलं. घडी करून त्यांनी जखमेवर ठेवली आणि तळहातानं दाबून धरली. मला राहून राहून उचलून बघावंसं वाटायचं, पण त्या बघत नव्हत्या, नुसत्या दाबून बसल्या होत्या. पुढचा तास भरला, सुटला, तरी त्या उठल्या नाहीत. नाना कण्हत होते. मग कण्हणं थांबलं तशा बाई आणखीनच घाबरल्या. वाकून पाहिलं तर नाना झोपले होते. फडकं उचललं, रक्त थांबलं होतं.

चुलीवर पाणी उकळलं, मीठ टाकलं, कोमट होऊ दिलं. त्यांनी जखम धुतली. जिथं लिंबू होतं तिथं आता एक फाटलेली पिशवी दिसत होती, आत लाल. बाईंनी उरलेल्या लुगड्याची पट्टी पोटाभोवती गुंडाळली आणि पाठीवर गाठ मारली. नानांनी ती लगेच दातांनी ओढायला सुरुवात केली. शेवटी बाईंनी एक जुनी टोपली घेतली, तिचं बूड कापलं, कडेला चिंधी शिवली आणि ती नानांच्या गळ्यात घातली. टोपलीतून त्यांचं तोंड असं दिसायचं, जसं कणगीतून कुणी डोकावतंय. मुलींना हसू फुटलं, पण बाईंकडं बघून त्यांनी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले. शाळेच्या कमिटीतले ते वजनदार सभासद. माणूस वाईट नव्हता, पण गावात कुणी काही कुजबुजलं की त्याचा निकाल आपणच लावायचा अशी त्यांची समजूत. ओट्याखाली नाना निजलेले, आणि मुली पाळीपाळीनं कडुलिंबाच्या डहाळीनं माश्या वारत होत्या. आबासाहेबांनी नाकाला उपरणं लावलं.

"बाई, ह्ये न्हाई चालायचं. लोकं बोलत्यात. नासलेलं कुत्रं पोरींच्या साळंत. उद्या किडं पडतील. त्याचं हाल करन्यापरास माझा गडी येईल बंदूक घेऊन. एका बाराचं काम हाय. त्याची बी सुटका, तुमची बी."

बाई उभ्या होत्या. हातात खडू होता. म्हणाल्या, "आबासाहेब, मागल्या उन्हाळ्यात तुमच्या पाठीत गळू झालं होतं."

"व्हय. मग?"

"पू जायचा. वास यायचा. वहिनीसाहेब स्वतः धूत होत्या. तेव्हा त्यांना कुणी बंदूक देऊ केली नाही."

मुलींच्या हातातल्या डहाळ्या जागच्या जागी थांबल्या. आबासाहेब तांबडेलाल झाले. मग म्हणाले, "आयतवारपतोर बघतो. सोमवारी ह्ये हितं दिसता कामा नये," आणि चपला वाजवत गेले.

तोंडानं बाई एवढं बोलल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला म्हणाल्या, "सुमतीबाई, तुमच्या सांगलीला जनावरांचा दवाखाना आहे ना?"

होता. आमच्या घरापासून लांबही नव्हता. मी विटा-सांगली मोटारीच्या ड्रायव्हरकडं घरी निरोप धाडला, की शनिवारी मी येते आहे, बरोबर मोठ्या बाई आणि नाना आहेत, नानांची तब्येत बरी नाही. घाईत एवढंच सांगितलं. ड्रायव्हर सांगलीचा, गावात नवा. नाना कोण हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही मोटारीपाशी गेलो. लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं होतं, म्हणून गाडीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली. क्लीनर तिची चकती गरगर फिरवत होता आणि धुरानं निम्मे उतारू खोकत होते. ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं आणि लगबगीनं पुढचं दार उघडलं. त्यानं आपल्या शेजारच्या जागेवर घोंगडी घडी करून ठेवली होती.

"या बाई. म्हाताऱ्या मानसाला माग्नं धक्कं बसत्यात. म्हनलं पुढंच बसूद्यात. कुठं हायती नाना?"

बाईंनी कडेवरचं गाठोडं सोडवलं. टोपलीतून नानांनी तोंड बाहेर काढलं.

ड्रायव्हर बघतच राहिला. मला वाटलं, आता हा खाली उतरवणार. बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "यांचंही तिकीट घेते. मांडीवर ठेवते. कुणाला त्रास देणार नाहीत." त्या अशा आवाजात कुणाशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मागून एक जाडा व्यापारी ओरडला, "आरं, उतरीव त्ये! मानसांची गाडी हाय का कोंडवाडा?"

ड्रायव्हरनं मागं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि मग टोपलीत. नाना शेपूट हलवत होते. तो म्हणाला, "जागा नानांच्या नावानं ठिवलीया शेट. आता काय मोडायची? बसा बाई."

घरी पोचलो तर आणखी एक घोटाळा. आईनं उंबऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवलेला, आत पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. आजारी माणूस म्हणून मऊ भात आणि मेतकूट. वडील ठेवणीतलं धोतर नेसून नानांच्या स्वागताला उभे. बाईंच्या कडेवरचं गाठोडं बघून ते म्हणाले, "नाना मागून येतायत का?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. आमच्या घरात सोवळंओवळं कडक. पण आई पुढं झाली, गाठोड्यात डोकावली, पट्टीवरचा ओला डाग पाहिला. आत गेली आणि तोच मऊ भात केळीच्या पानावर घेऊन अंगणात आली. "रांगोळी काही आत आणता येणार नाही," ती म्हणाली, "पण भात नानांसाठीच केला होता." नानांनी सगळा भात खाल्ला. गाठ फुटल्यापासून त्यांनी पहिल्यांदा तोंडात काही घेतलं होतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, बोलायला तुटक. पट्टी सोडली, वास घेतला, बोटानं दाबून पाहिलं. बाईंनी दोन्ही हातांनी नानांचं डोकं धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा." त्या म्हणाल्या, "मी इथंच थांबते." डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं नाही. आतली फाटकी पिशवी त्यांनी कापून काढली, जखम धुतली, जांभळं औषध भरलं, टाके घातले. एकदा नाना जोरात ओरडले. तेव्हा बाईंनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत.

सगळं आटोपल्यावर डॉक्टर हात धूत म्हणाले, "म्हाताऱ्या कुत्र्यांना होतात अशा गाठी. कातडीतली मळी आत साचत जाते. पसरणारी, वाईट जातीची गाठ दिसत नाही ही. बाकी अंग चाचपलं, दुसरीकडं कुठं काही नाही. वेळेवर दाबून धरलंत, स्वच्छ ठेवलंत, हे बरं केलंत. आता चाटू देऊ नका आणि माशी बसू देऊ नका. भरून येईल."

बाईंनी नानांचं डोकं सोडलं. मग म्हणाल्या, "मंजी... जगत्यात?"

"म्हातारपण आहे, त्याला माझ्याकडं औषध नाही. पण या गाठीनं मरायचे नाहीत."

"व्हय? खरंच व्हय?"

"हो, बाई. खरंच."

आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. ऊन कललं होतं. नाना टोपलीसकट पायरीवर लवंडले होते. बाईंना एकाएकी भूक लागली. मी चिरमुऱ्यांचा पुडा आणला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि बकाबका खाल्ला, मला विचारलंसुद्धा नाही. पुडा संपल्यावर कागदाकडं बघून ओशाळल्या. मी दुसरा आणला. तोही निम्मा त्यांनीच संपवला. आणि मग खाता खाताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडणं असं नव्हतं ते. चेहरा हसराच होता.

"आमच्यातली सगळी लांब गेली हो, सुमतीबाई," त्या म्हणाल्या. "मालक बसऱ्याला. भाऊ, आमचे दादा, ठाण्याच्या इस्पितळात. आई गेली तेव्हा मला सासरहून धाडलं नाही. कुणाच्या उशाशी बसायला मिळालं नाही मला. कुणाला पाणी पाजलं नाही, कुणाचं अंग पुसलं नाही. नुसतं कळायचं, की गेले. हे तरी माझ्यासमोर होते. म्हटलं, होईल ते माझ्या हाताखाली होऊ दे." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आणि बघा, झालं काहीच नाही!" आणि खुदकन हसल्या.

सोमवारी नाना शाळेत हजर होते. पोटाला स्वच्छ पट्टी, गळ्यात टोपली. आबासाहेबही आले, ठरल्याप्रमाणं. बाईंनी पट्टी सोडून जखम दाखवली. आबासाहेबांनी आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग गुडघ्यावर हात ठेवून वाकून. टाके कोरडे होते.

"मला न्हाई टाकं घातलं कुनी," ते जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "माझं आपलं पोटिसावरच भागिवलं." आणि बंदुकीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढं त्यांच्या घरून ताकाचा तांब्या येऊ लागला. गडी सांगायचा, "नानांस्नी धाडलंय." शब्द बाईंचे, पण निरोप आबासाहेबांचा.

त्याच सुमारास दिपोटी आले. बाई ठिगळाचं लुगडं नेसून उभ्या. साहेबांनी टोपली घातलेल्या नानांकडं बोट केलं. "हा काय प्रकार आहे?"

"हे नाना. आजारी होते."

"आणि शाळेत कशाला?"

"रजा मागितली नाही त्यांनी."

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. मुलींचे पाढे ऐकले, कविता ऐकल्या, आणि जाताना ओट्याखाली वाकून म्हणाले, "बरं आहे, नाना, येतो." त्या वर्षीचा शेरा चांगला आला.

जखम भरून आली. त्या जागी केस काही उगवले नाहीत, रुपयाएवढा गुलाबी डाग राहिला. टोपली काढली त्या दिवशी नाना शाळेला तीन-चार फेऱ्या मारून आले आणि धापा टाकत ओट्याखाली पडले.

पुढं माझं लग्न ठरलं आणि मी विटा सोडलं. बाईही निवृत्त होऊन कोरेगावकडं भावजयीकडं राहायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. भेट अशी पुन्हा झाली नाही. दिसल्या मात्र एकदा.

स्वराज्य नुकतं मिळालं होतं. माझी मोठी नुकती बसायला लागली होती. तिला घेऊन मी सांगलीहून साताऱ्याला निघाले होते. कोरेगावच्या अलीकडं सिग्नल पडेना म्हणून आगगाडी रानातच उभी राहिली. रुळांना लागून गुऱ्हाळ चाललं होतं. काहिलीतून वाफ निघत होती, गरम गुळाचा वास डब्यात येत होता. आणि कडेला, चिपाडाच्या ढिगावर, बाई बसलेल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात उसाचं कांडं, दातांनी सोलून खात होत्या. शेजारी नाना, आता अगदी पांढरे. त्यांच्यासमोर चोयट्यांचा चोथा पडला होता आणि तेही एक कांडं पायांत धरून चघळत होते.

मी खिडकीतून हाक मारली, "बाई! अहो बाई!" इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. मी मुलीला उचलून खिडकीशी धरलं. तेवढ्यात गाडीला धक्का बसला आणि ती हलली. नानांनी मान वर केली. म्हाताऱ्या, फुटक्या आवाजात ते गाडीवर भुंकायला लागले. बाई त्यांना काहीतरी सांगत होत्या, आणि काय सांगत होत्या ते मला ऐकू आलं नाही. पण रस हनुवटीवरून ओघळतोय, तो पुसायचंही भान नाही, अशा त्या तोंडभर हसत होत्या. गाडी वळणावर जाईपर्यंत मी बघत राहिले, आणि माझी मुलगी माझ्या कडेवरून त्यांच्याकडं बघून हात हलवत राहिली.